उजव्या टाकीतलं पाणी

त्या विमानाला पेट्रोलच्या दोन टाक्या होत्या, एक डाव्या पंखात आणि एक उजव्या पंखात. दोन्हींच्या बुडाशी बोटाएवढी एकेक तोटी होती. उड्डाणाआधी तोटीखाली काचेची लहानशी बाटली धरायची, थोडं पेट्रोल तिच्यात घ्यायचं आणि उजेडात पाहायचं, हे माझं रोजचं काम. थंडीत विमान रात्रभर उघड्यावर उभं राहिलं की अर्धवट भरलेल्या टाकीला आतून घाम सुटतो. ते पाणी जड असतं, तळाशी बसतं. बाटलीत ते पेट्रोलखाली वेगळं दिसतं. ते दिसेनासं होईपर्यंत सोडून द्यायचं आणि तोटी बंद करायची. याला काही अक्कल लागत नाही, वेळही लागत नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पुण्यात एका मोटार गॅरेजात इंजिनं खोलायला शिकलो, मग विमानतळावर तीन वर्षं उमेदवारी केली. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या मालकांनी स्वतःचं छोटं विमान घेतलं तेव्हा त्यांच्याकडे मेकॅनिक म्हणून लागलो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. कारखान्यामागच्या माळावर मुरूम दाबून धावपट्टी केली होती आणि शेजारी हत्यारं ठेवायला पत्र्याची शेड. विमान चौघं बसतील एवढं. ते उडवणारे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, युद्धाच्या काळात लष्करात विमानं चालवलेले, पुण्याचे. त्यांची बायको आणि दोन मुली पुण्यातच असत. मी त्यांना साहेब म्हणायचो. ते मला अरे-तुरे करत, पण दीड वर्षात त्यांनी एकदाही माझ्यावर आवाज चढवला नव्हता. संध्याकाळी शेडच्या दारात खुर्ची टाकून ते मला नकाशा वाचायला शिकवत. "हातात पाना आहे म्हणून डोकं रिकामं ठेवू नकोस," असं म्हणत. मला त्यांच्याविषयी वाटायचं ते वडिलांविषयीसुद्धा वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मालक मुंबईहून गाडीनं पुण्याला उतरणार होते आणि त्यांना आणायला आम्ही दोघंच निघालो होतो. फाल्गुन लागला होता, तरी सकाळचा गारवा गेला नव्हता. मी डाव्या टाकीची तोटी उघडली. चमचाभर पाणी निघालं, ते सोडलं. उजव्या टाकीची तोटी घट्ट बसली होती. हातानं फिरेना. तिला पक्कड लागणार होती आणि पक्कड शेडमध्ये राहिली होती. शेड शंभर पावलांवर. मनात म्हटलं, काल दुपारी पाहिली होती, स्वच्छ होती. साहेब विमानातल्या खुर्चीवर बसून पट्टे आवळत होते.

"झालं का रे?"

"झालं, साहेब."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मी बाटली पुसून खिशात घातली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

विमान वर गेलं की मला नेहमी बरं वाटायचं. त्या दिवशी हवा इतकी स्वच्छ होती की नारायणगावापासून पुढचा नाशिक रस्ता धाग्यासारखा सरळ दिसत होता. खेड मागं पडलं, भामा नदी ओलांडली, चाकणचा किल्ला आणि बाजाराचं मैदान खाली आलं. आता उतरायची तयारी म्हणून साहेबांनी विमान खाली घ्यायला सुरुवात केली. डावी टाकी संपत आली होती, म्हणून त्यांनी पायाजवळचा खटका उजव्या टाकीवर फिरवला. मी ते पाहिलं. सकाळची घट्ट बसलेली तोटी आठवली, तरी मी खालच्या रस्त्याकडे पाहत राहिलो. तेव्हा बोललो असतो तर त्यांनी खटका परत फिरवला असता, आणि डाव्या टाकीत पुण्यापर्यंत पुरेल इतकं पेट्रोल तेव्हाही होतं.

मिनिटभर इंजिन नीट चाललं. मग ते खोकलं, एकदा, दोनदा, आणि थांबलं. समोरचा पंखा आडवा होऊन स्थिर उभा राहिला. इतका वेळ कानाला सवय झालेला आवाज गेला आणि वाऱ्याची शीळ तेवढी उरली. साहेबांनी लगेच खटका डावीकडे फिरवला, इंजिन चालू करायचा दोनदा प्रयत्न केला. ते पकडेना. नळीत पाणी शिरलं होतं. आम्ही जमिनीपासून हजार-बाराशे फुटांवर होतो.

"पट्टा आवळ," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "पुढं नदी आहे. तिच्या अलीकडे उतरू. ते ज्वारीचं रान मोकळं दिसतंय."

इंद्रायणीच्या अलीकडे, रस्त्यापासून मैलभर आत, एक लांबट शेत होतं. ज्वारी उपटून झाली होती. पेंढ्यांचे ढीग जागोजाग रचले होते, पण मधे एक पट्टा मोकळा होता. साहेबांनी त्या पट्ट्यावर विमान धरलं. जमीन जवळ यायला लागली तशी ती भराभर यायला लागली. चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. ज्वारीच्या सऱ्यांवरून विमान डावीकडे ओढलं जात होतं, आणि डावीकडे बांधावर एक बाभूळ होती. बाभळीच्या फांदीला लुगड्याची लाल झोळी टांगलेली होती. झोळी हलत होती. आत मूल होतं.

साहेबांनी सगळा जोर उजव्या पायावर टाकला. विमान वळलं. उजवा पंख पेंढ्यांच्या एका ढिगातून आरपार गेला, चाक मोडलं, आणि आम्ही गिरकी घेऊन थांबलो.

ढिगापलीकडच्या सावलीत एक बाई पाठमोरी बसून कणसं खुडत होती. आम्हाला ती दिसली नव्हती. आणि आमचा आवाजच नव्हता, त्यामुळे तिलाही आम्ही ऐकू आलो नव्हतो.

मला कपाळावर खोक पडली होती, बाकी काही नाही. साहेबांचा डावा हात कोपराखाली मोडून लोंबत होता. ते तसेच खाली उतरले आणि धडपडत ढिगाकडे गेले. मी मागून गेलो. ती बाई पेंढ्यांत आडवी पडली होती. वय वीस-बावीस. तोंडावर कुठं ओरखडाही नव्हता. डोळे उघडे होते आणि ती आमच्याकडे पाहत होती. कमरेखालचं मी सांगत नाही.

शेताच्या दुसऱ्या टोकाकडून तिची सासू धावत आली. ती पन्नाशीची, उंच, काळीसावळी बाई. तिनं आरडाओरडा केला नाही. सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "उबा ऱ्हाऊ नगं. वस्तीवर जा, बाज घिऊन ये. मानसं आन."

मी पळालो. वस्तीत चार घरं होती. तीन पुरुष मिळाले, बाज मिळाली. आम्ही तिला बाजेवर घेतलं आणि रस्त्याकडे निघालो. नाशिक रस्त्यावर एखादी मोटार नाही तर लॉरी मिळेल, पुण्याला नेता येईल, असा विचार होता. बाजेचा पुढचा उजवा कोपरा माझ्या खांद्यावर होता. साहेब मोडका हात छातीशी धरून मागून चालत होते. सासू बाजेला लागून चालत होती, कडेवर झोळीतली पोर, चार-पाच महिन्यांची. ती सुनेशी सारखं बोलत होती. "आलं बग आता. त्यो बांध वलांडला की सडक. तुजी पोर बग कशी गप हाय. रडत बी न्हाई." सून एकदा "पानी" म्हणाली. कुणाकडेच पाणी नव्हतं.

एका ठिकाणी सासू बोलायची थांबली. आम्ही चार-पाच पावलं पुढं गेलो.

"ठिवा खाली," ती म्हणाली.

"सडक आलीच की, काकू," मागचा माणूस म्हणाला.

"ठिवा म्हनते न्हवं. गेली ती."

आम्ही बाज खाली ठेवली. रस्ता तिथून दिसत होता. एक बैलगाडी चाकणच्या बाजूला चालली होती. सासू पोरीला घेऊन बाजेशेजारी जमिनीवर बसली, आणि मग तिनं तोंड उघडून जो आवाज काढला तो मला आजही लिहिता येत नाही.

बाज वस्तीवर परत आणली. सुनेचा नवरा पिंपरीला होता. तिथं सरकारचा औषधांचा कारखाना उभा राहत होता, आणि त्या बांधकामावर आसपासच्या गावांतली बरीच तरुण पोरं जात. त्याला आणायला सायकलवर माणूस गेला. तो दुपार कलताना आला, हातापायांना सिमेंट तसंच. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, शांत माणूस. तो तिच्याजवळ बराच वेळ बसला. मग उठून अंगणात आला. मी भिंतीला टेकून बसलो होतो, कपाळाला कुणीतरी फडकं बांधलं होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला. तो मारेल असं मला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं.

"तुमाला लई लागलं न्हाई ना?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. तो आत गेला.

फौजदार आले, पंचनामा झाला. सासूनं जबाब दिला तो मी ऐकला. "घार उतरावी तसं आलं. आवाज न्हाई, काय न्हाई. मी हाका मारल्या, पर तिला ऐकू गेलं न्हाई. वाऱ्याचं तोंड माज्याकडं व्हतं." साहेबांना एका लॉरीतून पुण्याच्या इस्पितळात नेलं. जाताना ते मला म्हणाले, "तू इथंच थांब. चौकशीचे लोक परवा येतील. तोवर विमानाला कुणाला हात लावू देऊ नकोस. तूही लावू नकोस."

दिवस मावळायच्या आत नदीकाठी तिला अग्नी दिला. मी लांब उभा होतो. माणसं पांगली तसा मी विमानाकडे परत आलो. अजून उजेड होता. मोडक्या चाकामुळे उजवा पंख जमिनीला लागला होता, पण बुडाची तोटी हाताला येत होती. विमानातल्या पेटीत दुसरी एक पक्कड होती. सकाळी ती माझ्यापासून चार हातांवर होती आणि मला आठवली नव्हती.

खिशातली बाटली फुटली नव्हती. ती लावली, पकडीनं तोटी फिरवली. बाटली भरली ती निव्वळ पाण्यानं. मी ती ओतली. पुन्हा भरली, पुन्हा पाणी. तिसऱ्या वेळी निम्मं पाणी, निम्मं पेट्रोल. मी मातीवर गुडघे टेकून ते सोडत राहिलो, बाटलीत नुसतं पेट्रोल येईपर्यंत. मग तोटी घट्ट बंद केली आणि ओल्या जागेवर पायानं माती ओढली.

हे मी घाबरून केलं असं पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो. मला नीट समजत होतं मी काय करतोय ते.

तीन दिवस मी तिथं राहिलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारची माणसं पिठलं-भाकरी आणून देत. त्यातली एक भाकरी सासू रोज माझ्यासाठी बाजूला काढी आणि कुणाच्या तरी हाती विमानापाशी पाठवी. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच घेऊन आली. मी खाईना, तर समोर उकिडवी बसली.

"खा. तुजी आय वाट बगत आसंल घरी. तिला काय सांगशील, उपाशी ठिवला म्हनून?"

मी खाल्लं. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर दुधासाठी रडत होती आणि शेळीचं दूध तिला पचत नव्हतं. वस्तीतली एक बाळंतीण तिला अधूनमधून अंगावर पाजत होती. "रातीला पदर चाचपती," सासू म्हणाली. "माजा वास येगळा, तिला कळतंया." मी उरलेली भाकरी खाली ठेवली. तेव्हा तिला सांगावं असं पहिल्यांदा वाटलं. सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे दोन अधिकारी आले. साहेबही आले, हात पट्टीत अडकवलेला, दाढी वाढलेली. अधिकाऱ्यांनी दोन्ही टाक्या पाहिल्या. उजवीतून स्वच्छ पेट्रोल आलं.

"सकाळी तपासणी कुणी केली?" एकानं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"दोन्ही टाक्या?"

"दोन्ही."

साहेब माझ्याकडे पाहत होते. मग त्यांची नजर उजव्या तोटीवर गेली, थोडा वेळ तिथं राहिली आणि नदीकडे वळली.

दोन महिन्यांनी निकाल आला. जमिनीच्या इतक्या जवळ असताना टाकी बदलली आणि ती बदलताना खटका पूर्ण फिरवला नाही, म्हणून इंजिन थांबलं. चूक वैमानिकाची. साहेबांचा परवाना गेला. मालकांनी विमान भंगारात काढलं आणि मला कारखान्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्तीला घेतलं. मी तिथं सहा महिने काढले. त्या सहा महिन्यांत कुठल्याही गाडीखाली शिरताना मी आधी हत्यारं मोजून जवळ ठेवत असे, आणि तरी काम झाल्यावर पुन्हा पुन्हा तपासत असे. बाकीचे हसत.

दिवाळीनंतर नोकरी सोडली आणि पुण्याला साहेबांच्या घरी गेलो. ते एका शाळेत गणित शिकवत होते. मोडलेला हात वाकडाच बसला होता. त्यांच्या पत्नीनं चहा दिला आणि त्या आत गेल्या. मी सगळं सांगितलं, पकडीपासून पाणी ओतण्यापर्यंत.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तोटीवर पकडीचे ताजे ओरखडे होते. विमानात बसायच्या आधीचे असते तर त्यात धूळ बसली असती."

"मग तुम्ही सांगितलं का नाही, साहेब?"

त्यांनी वाकड्या हातानं कप बाजूला सारला. "सकाळची पाहणी पायलटनंही करायची असते. मी खुर्चीतूनच विचारलं. उठलो नाही. आणि त्या झोळीपासून वळलो तो मीच. तुझ्या टाकीनं मला खाली उतरवलं, पण उजवीकडे मी वळलो. रोज शाळेत फळ्याकडे वळतो तेव्हासुद्धा ते आठवतं. तुझं नाव सांगून त्यातलं काय कमी होणार होतं?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "मला सांगायला आलास, पण माझं काय गेलं? परवाना. त्या घरी जा. मी जाऊन आलोय. चूक माझी म्हणून सांगून आलोय. आता तुझं तू सांग."

मी गेलो. मोशीपर्यंत एसटीनं आणि पुढं चालत. नदीचा उतार ओलांडून वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार होती. सासू दारात सुपात हुलगे निवडत बसली होती. पोर अंगणात रांगत होती, चालायला लागायच्या बेतात. मला पाहून सासूनं ओळखलं. पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली.

"तो मोडक्या हाताचा सायब यिऊन गेला," ती म्हणाली. "त्यो म्हनला, चूक माजी. लई रडला. येवढा मोटा मानूस."

"चूक त्यांची नव्हती, काकू."

मी तिला सांगितलं. टाकी, तोटी, पाणी, हे तिला कळेल अशा शब्दांत सांगायला मला वेळ लागला. ती हुलगे निवडत ऐकत होती. खडे बाजूला काढत होती, सूप हलवत होती. मी थांबलो तेव्हा तिचे हात थांबले.

"त्या तोटीचं काम कराया किती येळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"दोन मिंटं म्हंजी किती? हितनं हिरीवर जाऊन याया लागतो तेवडा?"

विहीर साठ-सत्तर पावलांवर होती. "तेवढाच," मी म्हणालो.

ती विहिरीकडे पाहत राहिली. पोर रांगत तिच्याजवळ आली आणि सुपात हात घालायला लागली. तिनं तो हात धरून ठेवला. मग ती बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"माजा ल्योक यायच्या आत तू जा. त्याला यातलं काय बी सांगू नगं. आत्ता कुटं त्येला चार घास जाया लागल्यात. मोट्या सायबाची चूक म्हंजी देवाची करनी आसं धरून बसलाय त्यो. तू सांगून मोकळा व्हशील, पर त्येनं ह्ये कुटं ठिवायचं?"

"तुम्ही म्हणाल तसं, काकू."

"आनि हितं परत यिऊ नगं. मी शिव्याशाप देत न्हाई तुला. पर तुजं त्वांड बगितलं की मी हिरीकडं बगत बसंन."

मी उठलो. पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले.

तिथून परत आल्यावर चौकशीच्या कचेरीला मी सगळं लिहून पाठवलं. मला बोलावलं, जबाब घेतला, विमानाच्या कामाचं माझं प्रमाणपत्र रद्द केलं. ते योग्यच होतं. साहेबांना परवान्यासाठी पुन्हा अर्ज करा असं कळवलं होतं. त्यांनी केला नाही. ते शेवटपर्यंत गणितच शिकवत राहिले.

मला पिंपरीच्या त्या औषध कारखान्यात पंपावर नोकरी मिळाली. तोवर कारखाना सुरू झाला होता. महिनाभरात शिफ्ट सुटताना फाटकापाशी कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वळून पाहिलं तर तो, तिचा नवरा. बांधकाम संपल्यावर त्यालाही तिथंच कायम केलं होतं.

"भाऊ, वळखलं का? आमच्या हिच्या बाजेला खांदा दिला तुमी."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मी काय बोललो ते आठवत नाही. त्यानंतर सत्तावीस वर्षं आम्ही एका फाटकातून आत गेलो आणि बाहेर आलो. तो मला भेटला की थांबायचा. सुगीच्या दिवसांत शेतातली वांगी नाही तर हरभऱ्याची जुडी फडक्यात बांधून आणायचा. मी नको म्हटलं तर त्याला वाईट वाटायचं. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. मी त्याच्या घरी कधी गेलो नाही, आणि का येत नाही हे विचारायचं त्यानंही हळूहळू सोडलं. अनेकदा सांगून टाकावंसं वाटायचं. मग ती म्हातारी, तिचं सूप आणि तिचा तो प्रश्न आठवायचा आणि मी विषय बदलायचो.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तो पत्रिका घेऊन माझ्या घरी आला. म्हणाला, "आता तरी या. आई तर गेली गेल्या साली. मुलीच्या बाजूनं चार मानसं नगंत का?"

मी गेलो. लग्न चाकणलाच होतं. अक्षता पडल्या, पंगती सुरू झाल्या. तो मला हाताला धरून नव्या जोडप्यापाशी घेऊन गेला आणि व्याह्यांना म्हणाला, "ह्ये आमच्या घरचेच. हिची आई गेली तवा तीन दिस आमच्या रानात बसून होते." मुलगी आईसारखी दिसत होती की नाही, मला सांगता येणार नाही, तिच्या आईचा चेहरा मी मरतानाचाच पाहिला होता. ती वाकली आणि माझ्या पायाला हात लावून उभी राहिली. आशीर्वादाची वाट पाहत होती. मागं रांग लागली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून काही आलं नाही. तिला वाटलं, काका गहिवरले. तिनं मला स्वतः नेऊन पंगतीत बसवलं आणि वाढप्याला सांगितलं, "यांच्याकडं लक्ष द्या."

साहेब जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीचा बापही गेल्या पावसाळ्यात गेला. त्याला सांगू नकोस असं म्हातारीनं मला सांगितलं होतं, आणि ते मी पाळलं. मुलीला सांगू नकोस असं मात्र मला कुणी सांगून ठेवलेलं नाही.